रेकॉर्ड हरवली नव्हती

‘कोकण डान्स’ नावाचा एक जाझ अल्बम आहे. तो ऐकलेला माणूस मला कोकणात अजून भेटायचा आहे.

अल्बम लंडनमध्ये रेकॉर्ड झाला, १९७०चं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा. गिटारवर अमान्सिओ डिसिल्वा. मुंबईत जन्मलेला गोवेकर. रेकॉर्डिंग झालं, पण अल्बम त्या वेळी बाजारात आलाच नाही. पुढची तीसेक वर्षं टेप पडून होती. मग हे शतक सुरू झाल्यावर कुणीतरी ती बाहेर काढली. आता तो अल्बम ऐकायला फोन पुरतो. रत्नागिरीहून गाडीत बसून गोव्याकडे जाताना जरूर ऐका, फक्त आधी डाउनलोड करून ठेवा, कारण कोकण रेल्वेच्या बोगद्यांत रेंज जाते आणि नेमका गिटारचा तुकडा कापला जातो.

असा अल्बम बाहेर आला की त्याच्यावर चिकटवायचे शब्द ठरलेले असतात. दुर्मीळ. हरवलेला. विस्मृतीत गेलेला. अखेर सापडलेला. माझं भांडण या शेवटच्या शब्दाशी आहे. सापडला म्हणायला आधी हरवावा लागतो, आणि हरवला म्हटलं की विचारावं लागतं, कुणाकडून? ज्याने वाजवलं त्याला ठाऊक होतं. शेजारी बसून ज्यांनी साथ केली त्यांना ठाऊक होतं. घरच्यांना ठाऊक होतं. मग ‘सापडला’ हा शब्द नक्की कुणाच्या बाजूने बोलतोय? दुकानदाराच्या. वस्तू हरवलेली असली की शोधणाऱ्याला भाव येतो आणि वस्तूलाही.

रेगे ऐकणाऱ्यांना हा खेळ जुना आहे. जॅकी मिटू हा जमैकाचा कीबोर्डवादक. स्कॅटलाइट्स या बँडचा संस्थापक सदस्य, किंग्स्टनच्या ‘स्टुडिओ वन’चा संगीत सांभाळणारा माणूस. आज ज्याला आपण रेगे म्हणतो त्याच्या ऑर्गनचा आवाज बराचसा याच्या बोटांतून आला. साठचं दशक संपता संपता तो कॅनडात टोरांटोला स्थायिक झाला आणि १९७१ साली त्याने तिथे ‘विशबोन’ नावाचा अल्बम केला. रेगे आणि सोल यांच्या बरोबर मधोमध बसणारा, गोड, आळसावलेला, संध्याकाळी सातच्या उजेडासारखा. १९९० साली बेचाळिसाव्या वर्षी तो टोरांटोतच वारला. सोळा वर्षांनी, २००६ मध्ये, सिएटलच्या एका कंपनीने ‘विशबोन’ पुन्हा काढला आणि तो ‘सापडला’. मधल्या काळात १९८२ साली ‘पास द डची’ हे बर्मिंगहॅमच्या शाळकरी पोरांनी गायलेलं गाणं इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. त्याच्या तळाशी असलेली चाल स्टुडिओ वनची, ‘फुल अप’ नावाची, आणि तिच्या श्रेयात मिटूचं नाव. म्हणजे अख्खं जग या माणसाची चाल गुणगुणत होतं, आणि तरी तो हरवलेला होता! हरवलं होतं फक्त चालीवरून माणसापर्यंत जाणारं बोट.

जमैकाची ही गोष्ट आणि आपली कोकणपट्टीची गोष्ट एका रेकॉर्डवर अक्षरशः शेजारी शेजारी बसून वाजलेली आहे. रेकॉर्डचं नाव ‘हम दोनो’, साल १९६९, शहर लंडन. (नाव टाकून शोधाल तर देव आनंदचा १९६१चा सिनेमा येईल. खाली स्क्रोल करा.) या रेकॉर्डवरचे ‘दोनो’ म्हणजे डिसिल्वा आणि जो हॅरियट. हॅरियट किंग्स्टनचा, सॅक्सोफोन वाजवायचा, १९५१ साली इंग्लंडला गेला. १९६०च्या आसपास जाझची चौकट मोडून मुक्त वाजवण्याचे जे प्रयोग त्याने लंडनमध्ये केले ते आता अभ्यासाचा विषय आहेत. डिसिल्वा १९६७ साली लंडनला पोचला. दोघंही परके, दोघंही ज्या साम्राज्याची प्रजा म्हणून वाढले त्याच्याच राजधानीत पोट भरायला आलेले. सोबत इंग्लिश वादक होते, आणि नॉर्मा विन्स्टनचा शब्दांशिवाय फिरणारा गळा. त्यातल्या एका तुकड्याचं नाव आहे ‘बॅलड फॉर गोवा’. त्याच वर्षीच्या डिसिल्वाच्या ‘इंटिग्रेशन’ या अल्बमवर ‘अ स्ट्रीट इन बॉम्बे’ नावाचा तुकडा आहे. गोवा, मुंबईतला रस्ता, कोकण. माणूस काही वर्षांत परत परत कुठे जातोय ते नावांवरूनच कळतं.

या दोघांना जोडणारा एक धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. हॅरियट किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये वाढला. ख्रिस्ती जोगिणींनी चालवलेली, अनाथ आणि गरीब मुलांची शाळा, तिचा स्वतःचा बँड. मिटूच्या स्कॅटलाइट्समधले चार जण याच शाळेतून आले. म्हणजे रेगेची मुळं खणत गेलात तर एका चर्चच्या शाळेच्या बँडरूममध्ये पोचता. आता आपल्या सिनेसंगीताची मुळं खणा. पोर्तुगीज गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवत. ती मुलं मोठी झाली, पोटासाठी मुंबईला आली, धोबीतलाव-गिरगावातल्या ‘कुडां’त, म्हणजे गावागावांनी चालवलेल्या खोल्यांत, पथाऱ्या टाकून राहिली. मुंबईत कागदावरचं संगीत वाचून वाजवणारे हेच, त्यामुळे हॉटेलांचे बँड यांचे आणि पुढे स्टुडिओंचे ऑर्केस्ट्रेही यांचे. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागचा व्हायोलिनांचा तो भव्य पडदा सेबॅस्टियन डिसोझांनी लिहिलेला. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन शिकले. १९७७च्या सिनेमात अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन ज्या नावाने नाचतो ते एका खऱ्या व्हायोलिन शिक्षकाचं नाव आहे, शिष्याने गुरूला केलेला नमस्कार आहे. कोट्यवधी लोकांच्या तोंडी गेलेलं नाव, आणि माणूस कोण ते बहुतेकांना माहीत नाही. मिटूच्या चालीसारखंच.

आता मराठी घरातला प्रश्न.

दीनानाथ मंगेशकर कुठले? मंगेशीचे. जितेंद्र अभिषेकी? तेही मंगेशीचे. केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या. सगळे गोव्याचे, आणि सगळे आपले. आपण त्यांच्या नावाने सभागृहं बांधतो, पुण्यतिथीला मैफली करतो, इथे रत्नागिरीत त्यांच्या परंपरेतलं गाणं ऐकायला थंडीत शाल घेऊन थिबा राजवाड्याच्या अंगणात जातो. छान करतो. मग डिसिल्वा कुणाचे? गोन्साल्विस कुणाचे? त्याच मातीतले, त्याच वाटेने मुंबईला आलेले, त्याच मुंबईत वाजवलेले. १९६७ साली अभिषेकींच्या संगीताने सजलेलं ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आलं. त्याच वर्षी डिसिल्वा लंडनला गेले. पहिल्या घटनेबद्दल मराठीत किती लिहिलं गेलंय ते तुम्हाला माहीत आहे. आणि गंमत म्हणजे ‘कट्यार’चा विषयच मुळी विद्या घराण्याच्या भिंतीआड कोंडून ठेवण्याचा आहे. टाळ्या वाजवून आपण बाहेर पडलो आणि भिंत तशीच ठेवली.

कुणी म्हणेल, ते संगीतच परदेशी, गिटार-सॅक्सोफोनचं, मराठीशी त्याचा काय संबंध? हे म्हणणाऱ्याने आधी पेटी बाजूला सरकवावी. हार्मोनियम युरोपातून आली. आकाशवाणीने तर तिला १९४०पासून तीस वर्षांहून अधिक काळ बंदी घातली होती, भारतीय संगीताला अयोग्य म्हणून. तरी पेटीशिवायचं नाट्यसंगीत तुम्ही कल्पून दाखवा. व्हायोलिन आपलं झालं, क्लॅरिनेट लग्नाच्या बँडमधून वरातीत आली. वाद्याला पासपोर्ट विचारायची आपली पद्धत कधीच नव्हती. आपण पासपोर्ट वाजवणाऱ्याला विचारतो.

कुणाला वाटेल, हा सगळा धर्माचा आणि आडनावाचा मामला आहे. तो आहेच, पण तेवढ्यावर भागत नाही. कारण मग केशव साठे यांचं काय करायचं?

साठे. आमच्याकडे हे आडनाव ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कुठले साठे? तर मुंबईचे, तबलजी, १९५०च्या दशकात लंडनला गेलेले. १९६६ साली जो हॅरियट आणि कलकत्त्याचा जॉन मेयर यांनी ‘इंडो-जाझ सूट’ नावाची रेकॉर्ड केली. एका बाजूला जाझवाले पाच, दुसऱ्या बाजूला भारतीय संगीताचे पाच. त्यातला तबला केशव साठ्यांचा. पुढच्याच वर्षी जर्मनीत ‘जाझ मीट्स इंडिया’ रेकॉर्ड झाली, पियानोवर स्वित्झर्लंडची इरेन श्वाइत्सर, सतारीवर दिवाण मोतीहार, तबल्यावर पुन्हा साठे. आणि १९७७ साली इंग्लिश लोकगीतांचा मोठा गिटारवादक जॉन रेनबोर्न याने आपला नवा संच काढला तेव्हा त्यातही साठेच. म्हणजे मध्ययुगीन इंग्लंडची गाणी, बासरी, फिडल आणि तबल्याचा ठेका. ऐकताना वाटतं, हे असंच असायला हवं होतं, इतकं ते साधं आणि घरगुती वाटतं. तबला मिरवत नाही, बाईच्या गळ्यामागे चालत राहतो.

हा माणूस ख्रिश्चन नाही, गिटारवाला नाही, आडनावाने पक्का मराठी, वाद्य अस्सल देशी. तरी मराठीत त्याच्याबद्दल वाचायला मिळावं म्हणून किती वेळ सर्च करत बसावं लागतं ते करून पाहा. ‘सातासमुद्रापार मराठी झेंडा’ हे वाक्य आपल्या वर्तमानपत्रांचं लाडकं आहे. पण झेंडा दिसायला खांब उंच लागतो. सोलो लागतो, पुरस्कार लागतो, मोठ्या सभागृहातला फोटो लागतो. साथीदाराला झेंडा नसतो. आपल्याकडे मैफलीचं परीक्षण आजही शेवटी ‘तबल्यावर अमुक आणि संवादिनीवर तमुक यांनी समर्पक साथ केली’ एवढ्यावर मिटतं. ‘समर्पक’ हा शब्द मराठीत साथीदाराला गप्प बसवायला वापरतात असं मला वाटू लागलंय.

मुंबईच्या चरणजित सिंग यांची गोष्ट अनेकांना माहीत असेल, कारण ती इंटरनेटवर चवीने सांगितली जाते. सिनेमाच्या स्टुडिओंत आयुष्यभर बेस आणि कीबोर्ड वाजवलेला माणूस. १९८२ साली त्यांनी रोलंड कंपनीची तीन नवी यंत्रं जोडून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. रेकॉर्ड चालली नाही. २००२ साली एका डच संग्राहकाला ती दिल्लीत मिळाली, २०१० साली त्याने ती पुन्हा काढली, आणि शिकागोत ‘अ‍ॅसिड हाउस’ जन्मायच्या पाच वर्षं आधी मुंबईत एकाने ते करून ठेवलं होतं अशी बातमी जगभर गेली. सिंग यांनी सत्तरीत युरोपात कार्यक्रम केले. २०१५ साली ते गेले.

यात त्या डच माणसाला चोर म्हणणारे लोक मला भेटतात. मला ते पटत नाही. त्याने धुळीत हात घातला, पदरचे पैसे घातले, मुंबईत येऊन सिंग यांना गाठलं. सिंग कुठे लपले नव्हते, इथेच राहत होते. आपल्यापैकी कुणालाही लोकलच्या तिकिटात जाता आलं असतं. माझा आक्षेप वेगळा आहे. ती गोष्ट ज्या प्रकारे सांगितली गेली त्यात सिंग यांचं महत्त्व काय, तर ते शिकागोच्या आधी होते. त्यांचं घड्याळ शिकागोच्या घड्याळाला लावलं गेलं. सिंग यांच्या बोटांमागे असलेली स्टुडिओतली दोन दशकं, एकाच दिवसात दोन शिफ्ट वाजवून घरी जाणारे वादक, लग्नाच्या रिसेप्शनमधला ऑर्केस्ट्रा, सिनेमाच्या गाण्यांच्या नुसत्या वाद्यांवरच्या रेकॉर्ड, हे सगळं तळटीप झालं. आणि आपण? आपण ती बातमी ‘बघा, आपण आधीच शोधलं होतं’ म्हणून फॉरवर्ड केली. पुष्पक विमानाच्या शेजारी ठेवून दिली.

गोव्याने हे वेगळ्या तऱ्हेने करून दाखवलं. ख्रिस पेरी आणि लोर्ना यांची कोंकणी गाणी घेऊन २०१५ साली ‘नाचोंया कुंपासार’ हा सिनेमा आला. त्याला कुणा डच माणसाची वाट बघावी लागली नाही. तो कोंकणीत, कोंकणी माणसांनी, स्वतःच्या वादकांसाठी केला. मुंबईच्या सिनेवादकांवरचं ग्रेगरी बूथ यांचं पुस्तक २००८ साली इंग्रजीत आलं, मुंबईच्या जाझवरचं नरेश फर्नांडिस यांचं पुस्तकही इंग्रजीत. दोन्ही उत्तम आहेत. ही माणसं ज्या शहरात राहिली त्या शहराची राज्यभाषा कुठली, एवढंच मी विचारतोय.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा, म्हणून आता धंद्यातलं थोडं. माणसं हरवतात ती बऱ्याचदा कुणाच्या दुष्टपणामुळे नाही, रकाना नसल्यामुळे. १९९६ साली एमपीथ्री फायलीला माहिती चिकटवण्याची पहिली पद्धत आली. फायलीच्या शेवटी १२८ बाइट. त्यात गाण्याच्या नावाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. कलाकार एक. वादक नाही, गीतकार नाही, संगीतकार नाही. प्रकारासाठी एक आकडा, त्याची ८० नावांची यादी. जाझ ८, रेगे १६, सोल ४२. पोल्का आहे, ख्रिश्चन रॅप आहे. भारतातला एकही संगीतप्रकार नाही. असलाच तर ४८ क्रमांकाला ‘एथ्निक’ नावाची एक पोतडी आहे. ती पद्धत देवनागरीसाठी नव्हतीच, पण तीस बाइटांत देवनागरी बसवायचीच म्हटली तर आजच्या हिशेबाने दहा चिन्हं मावतात. ‘केशव साठे’ कसंबसं बसतं. ‘अमान्सिओ डिसिल्वा’ निम्म्यात कापलं जातं. भारतातली लाखो गाणी कॅसेटवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर आणि मोबाइलच्या दुकानात दहा रुपयांत मेमरी कार्डवर अशी गेली, आणि प्रत्येक उडीत रकाना तेवढाच राहिला. कॅसेटच्या इनले कार्डवर बारीक अक्षरांत असलेली वादकांची नावं पहिल्याच उडीत गळाली.

आज अ‍ॅपमध्ये गाण्याशेजारच्या तीन टिंबांवर दाबलं की श्रेयाचं पान उघडतं. रकाने आहेत. भरायचं काम अपलोड करणाऱ्यावर सोडलेलं आहे, म्हणून ते बहुतेक रिकामे असतात.

नावाचा हा प्रश्न नुसत्या मानापानाचा वाटत असेल तर कायदा बघा. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क मिळाला, त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. कलावंताच्या व्याख्येत वादकही आहे. पण त्याच दुरुस्तीत सिनेमापुरतं एक कलम जोडलंय. ज्याचा सहभाग प्रासंगिक किंवा आनुषंगिक स्वरूपाचा आहे आणि ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेही नाही, त्याला कलावंत मानायचं नाही. आपल्या कामाची मोडतोड झाली तर हरकत घेण्यापुरता तेवढा तो कलावंत. म्हणजे श्रेय द्यायचं की नाही हे निर्माता ठरवणार, आणि त्याने दिलं नाही तर तुमचा हक्क पातळ होणार. बँकेने पासबुकात नोंद करायची नाही आणि मग म्हणायचं, तुमचं खातं दिसत नाही.

हे सगळं लंडन-मुंबईचं जुनं झालं. रत्नागिरीत आत्ता काय चाललंय?

आमच्या जिल्ह्यात नमन आहे, जाखडी आहे, शक्ती-तुऱ्याचे सामने आहेत. आमच्या जाखडीला मुंबईने नाव काय दिलं? ‘बाल्या डान्स’. मुंबईतल्या घरांत राबणाऱ्या, कानात बाळी घालणाऱ्या कोकणी गड्यांना मालक लोक ‘बाल्या’ म्हणायचे, म्हणून त्यांचा नाच तो बाल्या डान्स, असं सांगतात. माणसाचं नाव विचारायची गरज पडली नाही, कानातल्या दागिन्यावर भागलं. ‘कोकण डान्स’ लंडनमध्ये वाजायच्या कितीतरी आधीपासून खरा कोकण डान्स असा बिननावाचा गिरगावात आणि लालबाग-परळमध्ये नाचत होता, गोवेकरांच्या कुडांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आमच्या लोकांच्याही तशाच गावकीच्या खोल्या. एकाच्या खोलीत व्हायोलिन टांगलेलं, दुसऱ्याच्या खोलीत मृदुंग.

त्या मृदुंगाशेजारी आता बरीच वर्षं कीबोर्ड आहे. आपण त्याला अजून कॅसिओ म्हणतो, कंपनी कुठलीही असो. नमनात गवळणीच्या आधी जो सूर भरतो तो कॅसिओवाला. गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टीत स्पीकर लावलेल्या गाडीवर घामाघूम होऊन उभा असतो तोही. त्या बेंजोचं कूळही परदेशी बरं का: १९१२च्या सुमारास जपानमध्ये निघालेलं तारा-बटणांचं वाद्य, आपल्याकडे येऊन आधी बुलबुल तरंग झालं आणि मग बेंजो. जपानचं वाद्य, कोकणातला वादक, आगरी-कोळी चाल, मागे ऑक्टोपॅड. जगातले संग्राहक ज्या मिश्रणासाठी जीव टाकतात ते आमच्याकडे अनंत चतुर्दशीला रस्ता अडवून उभं असतं आणि आपण गाडी काढायला वाट शोधत असतो.

याच्या कॅसेट निघाल्या, सीडी निघाल्या, आता यूट्यूबवर तासातासाचे व्हिडिओ आहेत. मी ते बरेच बघतो. व्हिडिओखालचा मजकूर वाचण्यासारखा असतो. मंडळाचं नाव. शाहिराचं नाव, हे मात्र असतं आणि मानाने असतं. मग सौजन्य, देणगीदार, मंडप, लाइट, साउंड सर्व्हिसवाल्याचं नाव आणि मोबाइल नंबरसुद्धा. कीबोर्ड कोण वाजवतंय ते नाही. ढोलकीवर कोण ते कधीतरी. कोरस कोण, माहीत नाही. रात्रभर जो सूर सोडत नाही त्याच्यापेक्षा जनरेटरवाला इतिहासात पक्का बसलाय.

यावर दोन उत्तरं मला नेहमी मिळतात. पहिलं, अहो, चाली सिनेमाच्याच तर उचललेल्या असतात, त्यात जपून ठेवण्यासारखं काय आहे? जॅकी मिटूचे अल्बम उघडून बघा. रेडिओवर गाजलेल्या गाण्यांच्या ऑर्गनवरच्या आवृत्त्या ढिगाने सापडतील. चरणजित सिंग यांच्याही तशाच रेकॉर्ड आहेत, सिनेमाच्या चाली, शब्दांशिवाय. उचललेली चाल हाताखालून जाताना बदलते, ती कुठे बदलली ते ऐकायला वाजवणारा माहीत असावा लागतो. एकाच गवळणीला गुहागरचा कॅसिओवाला आणि राजापूरचा कॅसिओवाला वेगळा सूर भरतात. हा फरक ओळखणारे कान आत्ता आहेत, पण त्यांच्यातले बरेच आता पन्नाशीपुढचे आहेत.

दुसरं उत्तर जास्त गोड असतं. तुझ्यासारखी पोरं आहेत ना, कुणीतरी करेलच पुढे-मागे. हेच ते. ‘कुणीतरी’ म्हणजे चाळीस वर्षांनी येणारा अ‍ॅम्स्टरडॅमचा माणूस. तो चोरबाजारात कॅसेट उचलेल, त्यावरचा मराठी मजकूर भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये घालेल, ‘वादक अज्ञात’ असं छापेल, आणि आमची नातवंडं ती रेकॉर्ड युरोमध्ये विकत घेतील. हॅरियट १९७३ साली इंग्लंडमध्ये हलाखीत गेला, पंचेचाळीसही पुरी नव्हती. ‘हम दोनो’च्या मूळ प्रती पुढे शेकडो पौंडांना विकल्या गेल्या. त्यातला एक पौंडही त्याला औषधाला मिळाला नाही.

मी गेल्या वर्षीपासून एक साधी शीट भरतोय. रकाने सहा: गाव, मंडळ, वर्ष, व्हिडिओची लिंक, वाद्य, वाजवणारा. पहिले पाच घरबसल्या भरतात. सहाव्यासाठी फोन करावा लागतो, नाहीतर दुचाकी काढावी लागते. संगमेश्वरकडे एका काकांना मी असाच गाठला, तीसेक वर्षं नमनात कीबोर्ड वाजवतायत, आधी पेटी होती. नाव विचारलं तर म्हणाले, “माजं नाव कशाला लिवतोस? मंडळाचं लिव.”

मी दोन्ही लिहिली.